बुरशीकडून जलशुद्धी

झाशी शहर बुंदेलखंडाच्या ग्रॅनाइट खडकावर वसलेले आहे. या कठीण खडकात पाणी मुरण्यास जागा थोडी असते. ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खालच्या भेगांत साठते व त्यावरच विहिरी अवलंबून असतात. भेगांतून वाहणारे पाणी मातीतून गाळले जात नाही; म्हणून त्यात शिरलेली घाण काढून टाकणे अतिशय कठीण असते. अशा प्रदेशात कचऱ्याच्या ढिगातून पाझरणारे पाणी हा विहिरींना मोठाच धोका होय.

झाशीचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पावसाचे पाणी ढिगातून खाली उतरताना क्षार, अमोनिया, सेंद्रिय द्रव्ये व थोडे धातू विरघळवून घेते. ढीग नवा असेल तर या पाण्यात मुख्यतः साधी सेंद्रिय अम्ले असतात व जीवाणू ती सहज फस्त करतात. ढीग जुना झाला म्हणजे हे सोपे अन्न संपते आणि गुंतागुंतीच्या रेणूंची तपकिरी द्रव्ये मागे उरतात. त्यांच्यापुढे जीवाणूंचे फारसे चालत नाही.

निसर्गात असाच एक चिवट पदार्थ आढळतो. तो म्हणजे लाकडास कणखरपणा देणारे लिग्निन. काही बुरशी लिग्निन कुजवितात व मागे पांढरट तंतू ठेवतात. म्हणून त्यांस ‘श्वेतकूज बुरशी’ म्हणतात. फॅनेरोकीटी क्रायसोस्पोरियम व ट्रॅमेटीस व्हर्सिकलर या त्यांतील सुपरिचित जाती होत. लिग्निनचा प्रचंड रेणू पेशीत शिरू शकत नाही. म्हणून बुरशी आपली एंझाइमे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, शरीराबाहेर सोडते. त्यांपैकी लिग्निन पेरॉक्सिडेज या एंझाइमाचा शोध १९८३ साली अमेरिकेत लागला. हे एंझाइम एकाच ठराविक रेणूवर काम करीत नाही. नाना प्रकारच्या रेणूंचे ते ऑक्सिडीकरण करते. १९८५ साली तेथील संशोधकांनी हीच बुरशी डीडीटीचेही विघटन करते असे दाखवून दिले. जुन्या कचऱ्याच्या पाण्यातील तपकिरी द्रव्ये फोडण्यास बुरशी योजावी, ही कल्पना याच गुणावर आधारलेली आहे.

प्रयोगशाळेत बुरशीने अशा पाण्याचा रंग व सेंद्रिय भार कमी होतो. परंतु प्रत्यक्षात अडचणी अनेक आहेत. बुरशीस किंचित आम्ल पाणी मानवते, तर जुने पाझरपाणी बहुधा अल्कधर्मी असते. फॅनेरोकीटी नायट्रोजनाची टंचाई असतानाच ही एंझाइमे भरपूर निर्माण करते. येथे तर अमोनियाची रेलचेल असते. शिवाय तिला शर्करेसारखे पूरक अन्न पुरवावे लागते आणि ते मिळताच जीवाणू माजून तिला मागे सारतात. झाशीचा उन्हाळा मात्र तिला फारसा बाधक नाही, कारण ती सुमारे ४० अंश सेल्सिअस तापमानात उत्तम वाढते.

आणखी एक मर्यादा ध्यानात घ्यावयास हवी. धातूंचे विघटन होत नाही. ते बुरशीच्या तंतूंना चिकटतात; तेव्हा त्या तंतूंचीही सुरक्षित विल्हेवाट लावावी लागते.

यास्तव बुरशी ही जीवाणूंची प्रतिस्पर्धी नसून त्यांची पूरक समजावी. प्रथम जीवाणूंनी सोपी द्रव्ये व अमोनिया कमी करावा, नंतर उरलेल्या चिवट द्रव्यांवर बुरशीची योजना करावी, हा क्रम सयुक्तिक ठरतो. पण पाणी गोळा झाले तरच ते शुद्ध करता येईल. ढिगाखाली अभेद्य अस्तर घालणे व ओला कचरा आधीच वेगळा काढून त्याचे खत करणे, हेच विहिरींचे पहिले संरक्षण होय.