तीन खोल्या, एक किराया

जून उजाडला की आपल्या शहरात सामान लादलेल्या रिक्षा दिसू लागतात. गुंडाळलेली गादी, बादली, पुस्तकांचं खोकं आणि शेजारी बसलेला बीडचा, परभणीचा नाही तर हिंगोलीचा एखादा मुलगा. कुणी विद्यापीठात आलेला असतो, कुणी अभियांत्रिकीला, कुणी स्पर्धा परीक्षेच्या क्लासला. वसतिगृहात सगळ्यांनाच जागा मिळत नाही. मग तिघं-चौघं मिळून सिडकोत, उस्मानपुऱ्यात, पहाडसिंगपुऱ्यात एखादं घर किरायानं घेतात. मुलींचंही तसंच.

आणि पहिला प्रश्न येतो तो वाट्याचा. समजा, किराया 12,000 रुपये आणि राहणारे तिघं. म्हणजे प्रत्येकी 4,000. हिशेब सोपा. पण एक खोली 12 बाय 15 फुटांची, दुसरी 12 बाय 10 ची आणि तिसरी 10 बाय 10 ची. जो आधी पोहोचतो तो मोठी धरतो, शेवटी येणाऱ्याच्या नशिबी छोटी. दोन महिने कुणी काही बोलत नाही. मग भांडण निघतं ते गॅसच्या सिलिंडरवरून, नाही तर टाकीतल्या पाण्यावरून. मूळ दुखणं असतं खोलीचं.

‘समान’ आणि ‘न्याय्य’ हे शब्द आपण एकाच अर्थानं वापरतो. शेतकऱ्याच्या घरात मात्र त्यांतला फरक ठाऊक असतो. भाऊवाटणीत एकाला विहिरीखालची दोन एकर आणि दुसऱ्याला मुरमाड माळाची दोन एकर दिली, तर वाटणी एकरात समान झाली, पिकात नाही. यावर एक जुनी तोड आहे. एकानं वाटे पाडायचे आणि दुसऱ्यानं आधी उचलायचा. उरलेला वाटा आपल्याच पदरी येणार हे माहीत असल्यानं पाडणाऱ्याचा हात सरळ चालतो. दोघं राहत असतील तर हीच रीत किरायाला लावावी. एकानं दोन्ही खोल्यांचे आकडे ठरवावेत, दुसऱ्यानं खोली निवडावी.

तिघं असले की काम जरा वाढतं. पहिला मार्ग टेपचा. वर सांगितलेल्या खोल्या 180, 120 आणि 100 चौरस फूट, एकूण 400. सगळाच किराया या मापानं वाटला तर 5,400, 3,600 आणि 3,000 येतात. पण मोठ्या खोलीतला मुलगा स्वयंपाकघर काही जास्त वापरत नाही. हॉल, स्वयंपाकघर, न्हाणीघर सगळ्यांचं. म्हणून आधी आपसांत ठरवावं, की किरायाचा किती भाग या सामायिक जागेचा. निम्मा धरला तर 6,000 तिघांत सारखे, म्हणजे 2,000 प्रत्येकी. उरलेले 6,000 चौरस फुटाला 15 रुपयांप्रमाणे. मग आकडे येतात 4,700, 3,800 आणि 3,500. हे पुष्कळ बरं.

तरी टेपला सगळं कळत नाही. वरच्या मजल्यावरची पश्चिमेच्या भिंतीची खोली कितीही मोठी असो, आपल्याकडच्या मे महिन्यात ती रात्री दहापर्यंत तापलेली असते. रस्त्याकडच्या खोलीत हवा येते, पण हॉर्नही येतात. रात्री जागून अभ्यास करणाऱ्याला आतली शांत खोली आवडते, तर घरी संगणकावर काम करणाऱ्याला उजेड लागतो. खोलीची किंमत राहणाऱ्यागणिक बदलते.

म्हणून दुसरा मार्ग चिठ्ठ्यांचा. तिघांनी एकमेकांना न दाखवता कागदावर लिहावं, की आपल्या लेखी कोणती खोली कितीची. एकच अट, तिन्हींची बेरीज 12,000 व्हावी. समजा, पहिल्यानं मोठी, मधली आणि छोटी यांना 5,000, 3,800 आणि 3,200 लिहिले. दुसऱ्यानं 4,600, 4,200 आणि 3,200. तिसऱ्याला शांतता हवी, त्यानं 4,200, 3,800 आणि 4,000. आता एकूण रक्कम सर्वांत जास्त भरेल अशा खोल्या द्यायच्या. पहिल्याला मोठी, दुसऱ्याला मधली, तिसऱ्याला छोटी. बेरीज 13,200. किराया 12,000 च असल्यानं वरचे 1,200 तिघांत सारखे वजा करायचे. द्यायचे आकडे झाले 4,600, 3,800 आणि 3,600. प्रत्येकाला हवी ती खोली, आणि तीही त्यानं लिहिलेल्या आकड्याहून 400 रुपयांनी कमी.

शेवटी एक प्रश्न मात्र विचारायलाच हवा : या किरायांत तुला दुसऱ्या कुणाची खोली घ्यावीशी वाटते का? वरच्या उदाहरणात तिघंही नाही म्हणतील. कुणी हो म्हणाला, तर त्याला हव्या त्या खोलीचा आकडा थोडा वाढवायचा, त्याच्या खोलीचा कमी करायचा आणि पुन्हा विचारायचं.

असा तोडगा दर वेळी निघेलच कशावरून? फ्रान्सिस सू या अमेरिकी गणितज्ञापुढे त्यांच्या एका मित्रानं हाच पेच ठेवला होता. 1999 मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की काही साध्या अटी पाळल्या तर किरायाची अशी वाटणी नेहमीच असते, जिच्यात प्रत्येकाची पसंती वेगळ्या खोलीवर जाते. घरात राहण्याजोगी एक तरी खोली प्रत्येकाला वाटावी, आणि फुकट खोली मिळत असेल तर कुणी पैशांची धरू नये, अशा त्या अटी. त्यासाठी त्यांनी आधार घेतला तो जर्मन गणितज्ञ स्पर्नर यांच्या 1928 च्या एका सिद्धान्ताचा, त्रिकोणाचे लहान लहान त्रिकोण पाडून त्यांच्या कोपऱ्यांना खुणा करण्याच्या.

पण गणितात सगळ्यांचे खिसे सारखे धरलेले असतात. ज्याच्या घरी यंदा कापूस हातचा गेला, तो छोट्या खोलीला जास्त आणि मोठीला कमी लिहितो, ते आवडीनं नव्हे, नाइलाजानं. आणि दुसरी गोष्ट, नाही म्हणता येणं. आडनाव ऐकून ‘जागा भरली’ म्हणणारी दारं आपल्या शहरात आहेत. माझ्यासारख्या नावांना ती ठाऊक आहेत, दलित मुलांनाही. 1917 मध्ये बडोद्याला खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना, परदेशातून शिकून आल्यावर, राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहातला आसराही थोड्या दिवसांत सुटला. याच बाबासाहेबांनी 1950 साली आपल्या शहरात महाविद्यालय काढलं, तेच आजचं मिलिंद. ज्याला दुसरीकडे कुठंच जागा नाही, तो दिलेल्या खोलीला हो म्हणतो. त्याच्या होकाराला पसंती समजू नये. चिठ्ठ्या टाकण्याआधी अशा मित्राला पहिली निवड द्यावी, नाही तर त्याच्यावरचा भार सगळ्यांनी मिळून थोडा उचलावा. याचं सूत्र नाही, हे बोलूनच ठरतं.

आणि ठरलेलं लिहून ठेवावं. घरमालकाशी होणारा करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा, ही 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं घरमालकावर टाकलेली जबाबदारी आहे. तुमच्या आपसांतल्या वाटणीला मात्र दुसरा कागद लागेल. त्यावर कोणाची खोली कोणती, किराया किती, डिपॉझिटमध्ये कुणाचे किती पैसे आणि कुणी मध्येच सोडून गेला तर त्याचा वाटा कोण भरणार, एवढं लिहावं. खाली तिघांच्या सह्या. मित्रांत कागद कशाला, असं कुणी म्हणेल. मैत्री टिकावी असं वाटत असेल तर पहिल्याच संध्याकाळी, सामान सोडण्याआधी, तो लिहून टाकावा.