कॅमेऱ्यासाठी भिंगे किती?

कॅमेऱ्याची हौस असलेला मनुष्य दुकानातील कपाटासमोर उभा राहिला, की त्याची मती गुंग होते. काही भिंगे बोटभर लांबीची, काही हातभर. एकाची किंमत काही हजार, तर दुसऱ्याची लाखाच्या घरात. ह्यांतील कोणते घ्यावे, आणि एकाने भागत नसेल तर किती घ्यावीत? प्रश्न घरच्या कष्टाच्या पैशाचा आहे. तेव्हा तो नीट समजून घेतलेला बरा.

प्रत्येक भिंगावर ५० मि.मी., २०० मि.मी. असा आकडा लिहिलेला असतो. हे त्याचे नाभीय अंतर. मोठ्या चौकटीच्या कॅमेऱ्यात प्रतिमा ज्या पृष्ठावर उमटते, ते ३६ मि.मी. रुंद व २४ मि.मी. उंच असते. पूर्वी तेथे फिल्म असे. आता बहुधा प्रकाश टिपणारी विद्युत्-पट्टी असते. ही दोन माने हाती आली, की उरते ते साधे त्रैराशिक. दहा मीटरांवरून एका जुन्या वाड्याच्या ओसरीचे चित्र घ्यावयाचे आहे, असे समजा. ५० मि.मी.च्या भिंगातून ओसरीची ७.२ मीटर रुंदी चित्रात मावेल. २८ मि.मी.च्या भिंगातून जवळजवळ १३ मीटर मावेल. २०० मि.मी.च्या भिंगातून मात्र १.८ मीटरच, म्हणजे एखादा खांब आणि त्याला टेकून बसलेले आजोबा!

तुम्ही म्हणाल, मग २८ मि.मी.चेच भिंग घ्यावे आणि हवे तेव्हा जवळ जावे. वाड्याच्या बाबतीत हे चालेल. आजोबांच्या मुखाच्या बाबतीत चालणार नाही. नाकाचा शेंडा कानाच्या सुमारे १० सें.मी. पुढे असतो. कॅमेरा नाकापासून ४० सें.मी.वर धरला, तर कान ५० सें.मी.वर राहतो आणि नाक कानाच्या मानाने सव्वापट मोठे उमटते. दोन मीटरांवरून हाच फरक विसाव्या हिश्श्याइतका होतो. लोक हे खापर भिंगाच्या माथी फोडतात; वास्तविक तो दोष अंतराचा. दोन मीटर दूर राहूनही चेहरा व खांदे चौकटीत भरून यावेत, एवढ्याचसाठी ८५ ते १०५ मि.मी.चे भिंग हवे.

पक्ष्यांची गोष्ट आणखी निराळी. भिगवणजवळ उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. शंभर मीटरांवरील रोहित ५० मि.मी.च्या भिंगातून तिळाएवढा दिसेल, कारण त्या चौकटीत ७२ मीटर रुंदीचे पाणी मावते. तेथे ४०० मि.मी.चे भिंग लागते. पण ते जड असते, आणि हाताचा किंचित कंपही चित्रात मोठा होऊन उतरतो.

भिंगावर दुसराही एक आकडा असतो. तो २ असेल, तर छिद्राचा व्यास नाभीय अंतराच्या निम्मा. ४ असेल, तर पाव. म्हणजे पहिल्यातून दुसऱ्याच्या चौपट प्रकाश आत येतो. रात्री देवळातील मंद उजेडात कीर्तनकारांचे चित्र घेताना ह्याचे मोल कळते. नाभीय अंतर कमीजास्त करता येणारे झूम भिंग प्रवासात सोयीचे खरे. परंतु स्वस्त झूमचे छिद्र लहान असते.

म्हणून आरंभी ५० मि.मी.चे, मोठ्या छिद्राचे एकच भिंग घ्यावे, असे मला वाटते. चौकट लहान, म्हणजे सुमारे २४ मि.मी. रुंदीची असेल, तर ३५ मि.मी.चे त्याच कामी येते. आंरी कार्तिए-ब्रेसाँ ह्या फ्रेंच छायाचित्रकाराने आयुष्यातील बहुतेक काम ५० मि.मी.च्या भिंगावरच केले. १९४८ साली दिल्लीत गांधीजींची अंत्ययात्रा टिपणारा तो हाच. वर्षभर चित्रे काढल्यावर आपली अडचण कोठे होते, ते आपोआप समजते. भिंतीला पाठ टेकूनही दृश्य मावत नसेल, तर २८ मि.मी.चे घ्यावे, माणसांच्या चेहऱ्यांकडे मन ओढत असेल, तर ८५ मि.मी.चे. पक्ष्यांचे वेड दोन हिवाळे टिकले, तरच लांब भिंगाचा विचार करावा.

आणि घेतलेले प्रत्येक भिंग सांभाळावेही लागते. कोकणातल्या पावसाळ्यात कपाटात नुसते पडून राहिलेल्या भिंगावर बुरशीची जाळी धरते. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ते घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे, आणि मधूनमधून बाहेर काढून वापरावे.