पिकअप गाडी आणि तिचें ओझें



कापसाचा हंगाम सुरू झाला, म्हणजे मानवत, सेलू व परभणी येथील बाजारपेठांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर ओतप्रोत भरलेल्या पिकअप गाड्या दिसूं लागतात. एके काळीं हें काम बैलगाडी करीत असे. ओझें फार झालें कीं बैल जागचा हालत नसे, आणि गाडीवानास चार ओझीं खालीं उतरवावीं लागत. इंजिनाचा स्वभाव असा नाहीं. तें शक्तीपलीकडचें ओझेंही कांहीं काळ निमूटपणें ओढतें. म्हणून थांबावयाचें कोठें, हें आतां माणसानेंच ठरविलें पाहिजे.

गाडीच्या नोंदणीपत्रांत दोन आंकडे असतात: एक रिकाम्या गाडीचें वजन व दुसरा मालासह अनुज्ञात कमाल वजन. या दोहोंतील अंतर म्हणजे वाहतां येणारें ओझें. समजा, रिकामी गाडी १,७०० किलो व कमाल वजन ३,००० किलो आहे. बाकी राहिले १,३०० किलो. त्यांतून चालक, मदतनीस व सामान यांचे १५० किलो वजा करा. उरलेल्या १,१५० किलोंत साठ किलोचीं सोयाबीनचीं पोतीं एकोणीसच मावतात. हौद्यांत तीस पोत्यांची जागा असली तरी! सन २००५ मध्यें बाजारांत आलेली व लोकांनीं 'छोटा हत्ती' म्हटलेली गाडी तर याहून पुष्कळच लहान. नांव हत्तीचें असलें, तरी तिची मर्यादा एक टनाच्याही आंतली.

ओझें किती, याइतकेंच तें कोठें ठेविलें, हेंही महत्त्वाचें आहे. तरफेचा नियम आपण वर्गांत शिकलां आहांत. गाडीचा मागील आंस हा येथें टेकू होय. दोन आंसांमधील अंतर ३ मीटर आहे आणि ३०० किलोचें लोखंड मागील आंसाच्या एक मीटर मागें, फाळक्यापाशीं ठेविलें, असें समजा. तें पुढील चाकांवरचा १०० किलो भार उचलून घेतें, आणि मागील आंसावर ३०० नव्हे, तर ४०० किलो भार पडतो. पुढचीं चाकें हलकीं झालीं कीं वळणावर तीं चालकाचें ऐकत नाहींत. यास्तव जड माल आंसाच्या पुढें, तळाशीं व मध्यभागीं ठेवून दोरानें घट्ट आवळावा.

कापसाची गोष्ट निराळी. तो हलका असतो. पण रचून रचून उंच नेला, म्हणजे गाडीचा गुरुत्वमध्य वर चढतो. वळण घेतांना बाहेर लोटणारें बळ तेंच राहतें, परंतु उंचीमुळें त्यास गाडी उलथविणें सोपें जातें. अशा गाडीचें वजन कांट्यावर कदाचित् बरोबर भरेल, तरी ती निर्धोक म्हणतां येणार नाहीं.

आतां ब्रेकाचा विचार करूं. धांवत्या गाडीची गतिज शक्ति वजनाच्या प्रमाणांत वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. ३,००० किलोची गाडी ताशीं ४० किलोमीटर वेगानें जात असतां जी शक्ति असेल, तिच्या सुमारें ३·४ पट शक्ति ४,५०० किलोची गाडी ताशीं ६० किलोमीटर वेगानें जातांना असते. ती सर्व शक्ति उष्णतेच्या रूपानें ब्रेकांनाच सोसावी लागते. टायरांचेंही तसेंच. त्यांच्या कडेवर भाराचा अंक छापलेला असतो. १०० हा अंक म्हणजे एका टायरास ८०० किलो. अधिक भारानें व कमी हवेनें टायर वारंवार दबतो, तापतो, आणि वैशाखांतील तप्त डांबरावर तो फुटण्याचें भय वाढतें.

यांत रस्त्याचेंही नुकसान आहे. अमेरिकेंत १९५८ ते १९६० या काळांत झालेल्या प्रयोगांवरून असें दिसून आलें कीं, आंसावरील भार दुप्पट झाला, तर रस्त्याची झीज सुमारें सोळापट होते. आपल्या जिल्ह्यांतील काळी माती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. तिच्यावरील रस्त्यास हा मार कसा सोसावा? १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनें मर्यादेबाहेरील वजनास २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंड सांगितला आहे. हौद्याच्या बाहेर गैररीतीनें आलेल्या मालासही २०,००० रुपये दंड आहे.

गाडीवाला लोभानेंच अधिक भरतो, असें मात्र समजूं नये. कर्जाचा हप्ता, डिझेलाचा भाव आणि एका खेपेंत सर्व माल न्या, असा मालधन्याचा आग्रह, हीं तिन्ही त्यास ढकलीत असतात. म्हणून दुसऱ्या खेपेचें भाडें देणाऱ्या शेतकऱ्याचाही या पुण्यांत वांटा आहे. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही कीं, त्या ओझ्यावर पुष्कळदां माणसें बसलेलीं असतात: ऊसतोडीस निघालेलीं कुटुंबें, बाजारास जाणारे मजूर, कधीं कधीं तुमच्या वयाचीं मुलेंही. पोतें पडलें तर उचलतां येतें. यापुढें कोणी 'वर बस' म्हणाला, तर हा हिशेब त्यास नम्रपणें समजावून सांगा, आणि तुम्ही खालींच राहा.