खेळातील तलवार आणि तराजूतील वजन

मोबाईलवरील लढाईच्या खेळांनी आपल्या वस्त्यांतील मुलांना चांगलेच वेड लावले आहे. केंद्र सरकारने 2 सप्टेंबर 2020 रोजी पब्जीवर बंदी घातली. पण जुलै 2021 मध्ये तसाच खेळ नव्या नावाने आला. आता पडद्यावरची शस्त्रे मुले हाताने बनवू पाहतात. पालक म्हणतात, हे बंद करा. आमचे म्हणणे असे की, बनवू द्या. पण पुठ्ठ्याची आणि मोजमाप करून.

हा नाद जगभर आहे. अमेरिकेत 2013 पासून 'मॅन ॲट आर्म्स' या चित्रफितींच्या मालिकेत लोहारांनी खेळांतील शस्त्रे पोलादात घडवली आणि वस्तू तोडून त्यांची धार दाखवली. पण ते मुरलेले कारागीर होते.

सुटीत आमच्या अभ्यासिकेतील मुलांनी 'फायनल फँटसी सेव्हन' या 1997 सालच्या जपानी खेळाच्या नायकासारखी माणसाएवढी तलवार करायला घेतली. यंत्रमाग कारखान्यातून सुताच्या कोनांचे रिकामे खोके आणले, मैद्याची खळ शिजवली. पहिली तलवार उचलताच मधोमध वाकली. खोक्याच्या पुठ्ठ्यातील पन्हाळ्या आडव्या आल्या होत्या. दुसऱ्या वेळी त्या लांबीच्या दिशेने ठेवल्या, तेव्हा तलवार ताठ राहिली.

मग हिशेब मांडला. पाते 150 सेंटिमीटर लांब, 30 रुंद, 1 जाड. म्हणजे 4500 घन सेंटिमीटर. एक घन सेंटिमीटर पोलाद सुमारे 7.8 ग्रॅम भरते. वजन झाले 35 किलो! सिमेंटची गोणी 50 किलोची असते. खरी तलवार साधारण एक ते दीड किलोची. मुले हसू लागली. ''मग तो एका हाताने फिरवतो कशी?'' हा प्रश्न त्यांनीच विचारला.

पब्जीत तव्यावर गोळी अडते. तोही हिशेब केला. एके रायफलीची गोळी सुमारे 8 ग्रॅमची, वेग सेकंदाला 715 मीटर. तिची ऊर्जा ज्वारीची 100 किलोची दोन पोती एक मीटर उचलण्याइतकी, आणि ती सारी करंगळीहून बारीक टोकावर! स्वयंपाकघरातील तवा तेथे काय टिकणार?

खऱ्या शस्त्राला वर्षांची तालीम लागते. 2024 साली राज्यशस्त्र म्हणून घोषित झालेल्या दांडपट्ट्याने मर्दानी खेळात लिंबू कापतात. ते वस्तादाच्या नजरेखाली घटवलेल्या हाताचे काम आहे.

लोखंडाच्या बाबतीत मात्र पालकांनी कठोर व्हावे. 1959 च्या शस्त्र कायद्याखाली, सरकारने अधिसूचित केलेल्या भागात नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे शस्त्र विनापरवाना बाळगणे गुन्हा आहे. घरकामाची व शेतीची अवजारे वगळली आहेत. नकली बंदुकीची विनापरवाना खरी बंदूक करणे हाही गुन्हाच. वाढदिवसाला तलवार मिरवून फोटो काढणारा मुलगा उद्या नोकरीला लागताना चारित्र्य पडताळणीत अडकतो. आईने विड्या वळून, बापाने माग चालवून केलेले शिक्षण एका फोटोपायी अडते.

म्हणून घरात पुठ्ठा, खळ, पट्टी आणि वही असू द्या. आज तलवारीचे वजन काढणारा मुलगा उद्या यंत्राचा आराखडाही काढील. त्याच्या शेजारी बसून आकडे तपासायला अर्धा तास काढा.