साखर, केशवाहिन्या आणि एक रोखलेला श्वास

मधुमेह फुप्फुसाला काय करतो, या विषयाचे तिन्ही धागे कोपनहेगनमधल्या एका घरात एकत्र नांदत होते. ऑगस्ट क्रोग यांना १९२० चं नोबेल मिळालं ते केशवाहिन्यांवरच्या कामासाठी. स्नायू स्वस्थ असताना त्यातल्या बऱ्याच केशवाहिन्या मिटलेल्या असतात आणि काम सुरू झालं की उघडतात, हे त्यांनी दाखवून दिलं. पत्नी मारी डॉक्टर होत्या. फुप्फुसातला वायू रक्तात किती वेगाने झिरपतो हे जिवंत माणसात मोजण्याची पद्धत त्यांनी बसवली आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे त्यांनाच मधुमेह निघाला. १९२२ मध्ये ऑगस्ट व्याख्यानांसाठी अमेरिकेला निघाले, तेव्हा मारीबाईंच्या आग्रहामुळे दौऱ्यात टोरांटोची भर पडली. इन्सुलिन बनवण्याची परवानगी घेऊनच दोघं परतले आणि डेन्मार्कचा इन्सुलिन उद्योग तिथून उभा राहिला.

फुप्फुस, केशवाहिन्या आणि साखर असे एका छताखाली आले खरे, पण त्यांची सांगड घालायला वैद्यकाला आणखी अर्धं शतक लागलं. तरुण मधुमेहींच्या फुप्फुसांची लवचीकता कमी झालेली आढळते, असा अमेरिकी संशोधकांचा निबंध आला तो १९७६ मध्ये. तीन वर्षांनी सूक्ष्मदर्शकाखालचा पुरावाही आला: वायुकोश आणि केशवाहिन्या यांच्या भिंतींना आधार देणारा पातळ थर मधुमेहींमध्ये जाड झालेला होता. डोळ्याच्या पडद्यात आणि किडनीत दिसतो तसाच. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की ती कोलॅजेनसारख्या प्रथिनांना चिकटत जाते आणि ही प्रथिनं ताठर होतात. फुप्फुस कोलॅजेनने आणि केशवाहिन्यांनी भरलेलं असताना ते यातून सुटेलच कसं?

तरी तक्रार येत नाही, कारण फुप्फुसाची शिल्लक दांडगी आहे. एक फुप्फुस काढून टाकलेली माणसंही रोजचे व्यवहार करतात. डोळ्याला एवढी मुभा नाही. पडद्याच्या मध्यभागी थोडं पाणी साचलं तरी अक्षरं वाकडी दिसू लागतात.

साध्या स्पायरोमेट्रीत, म्हणजे ‘जोरात फुंका, फुंका, अजून फुंका’ या तपासणीत, फरक दिसतो तो लहानच. अमेरिकेतल्या ‘अॅरिक’ या मोठ्या पाहणीत एका दमात बाहेर टाकता येणारी हवा मधुमेहींमध्ये वर्षाला ६४ मिलिलिटरने घटत होती, इतरांमध्ये ५८ ने. सहा मिलिलिटरचा हा फरक वीस वर्षं तसाच राहिला, तर हिशेब जेमतेम दीड-दोन कटिंग चहाचा. एवढ्याने कुणाला धाप लागत नाही, आणि यावरून घबराट माजवणाऱ्या बातम्यांना काही अर्थ नाही.

बारीक रक्तवाहिन्यांचं दुखणं खरं बोलतं ते मारीबाईंच्या तपासणीत. आज तिला ‘डीएलसीओ’ म्हणतात. नाकाला चिमटा लावून माणूस सगळी हवा बाहेर सोडतो आणि ०.३ टक्के कार्बन मोनॉक्साइड मिसळलेल्या हवेचा छातीभर श्वास घेतो. तंत्रज्ञ दहापर्यंत मोजतो. मग श्वास सोडायचा. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो, म्हणून बाहेर आलेल्या हवेत तो जितका कमी, तितका वायुकोशांचा पडदा आणि त्यामागचं रक्त ठीक. निरोगी माणसाला आडवं झोपवून हीच तपासणी केली की आकडा वाढतो, कारण वरच्या भागातल्या केशवाहिन्याही रक्ताने भरतात. डोळ्यांत किंवा किडनीत मधुमेहाच्या खुणा असलेल्यांमध्ये मात्र तो जवळपास हलतच नाही, असं १९९० च्या दशकातल्या इटालियन अभ्यासात दिसलं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत बोलका पुरावा हाच.

तरी हात राखून बोललेलं बरं. किडनी बिघडली की रक्त कमी होतं, आणि रक्त कमी असेल तर डीएलसीओ आपोआप घसरतो. हिमोग्लोबिनचा हिशेब न धरता काढलेला निष्कर्ष पोकळ. पोटावरची चरबी छातीच्या पडद्याला वर दाबते, तो भाग वेगळाच. शिवाय आधीच कमी क्षमतेची फुप्फुसं असलेल्यांना पुढे मधुमेह अधिक होतो असंही दिसलंय. मग कशामुळे काय, हा वाद अजून मिटलेला नाही.

आपल्याकडे गुंता जास्त आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीचा अंदाज १०.१ कोटी मधुमेहींचा. दिसायला सडपातळ पण अंगात चरबी अधिक, ही भारतीय ठेवण पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक वर्षानुवर्षं मांडत आले आहेत. सरासरी भारतीय फुप्फुसाचं आकारमानही युरोपीय माणसापेक्षा कमी, म्हणून तिकडची कोष्टकं इथे तशीच लावली तर धडधाकट माणूसही आजारी ठरेल. त्यात मधुमेहामुळे क्षयाचा धोका दुप्पट-तिप्पट होतो, आणि क्षय बरा झाला तरी मागे वण राहतात. अहवाल वाचण्याआधी क्षयाची आणि चुलीच्या धुराची चौकशी व्हायलाच हवी.

सरसकट सगळ्या मधुमेहींची डीएलसीओ तपासणी करावी असं कुणी म्हणू नये. तेवढी यंत्रंही नाहीत आणि तेवढा आधारही नाही. पण ज्याच्या लघवीत प्रथिनं जातात, ज्याच्या डोळ्याच्या पडद्याला लेसर झालंय, त्याला एक जिना चढून धाप लागत असेल, तर आधी हृदय आणि हिमोग्लोबिन बघावं, आणि तिथे काही सापडलं नाही तर ‘वय झालं, वजन कमी करा’ एवढ्यावर त्याची बोळवण करू नये.

दरम्यान स्पायरोमेट्री मधुमेहींपर्यंत वेगळ्याच दाराने पोचू पाहते आहे. श्वासावाटे घ्यायचं ‘अफ्रेझा’ हे इन्सुलिन भारतात विकायला डिसेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. दमा किंवा सीओपीडी असलेल्यांना ते चालत नाही, आणि बाकीच्यांनाही सुरू करण्याआधी, सहा महिन्यांनी आणि मग दरवर्षी फुंकून दाखवावं लागतं.