गिअर अडला म्हणजे गिअरबॉक्स गेला असं नव्हे

हापूसचा हंगाम तोंडावर आला की रत्नागिरीच्या गॅरेजांमध्ये जुन्या फोर बाय फोर पिकअप येऊन लागतात आणि एकच निदान कानावर पडत राहतं: "गिअर पडत नाही, गिअरबॉक्स गेला. कुर्ल्याहून सेकंडहँड मागवूया." ऐन हंगामात गाडी उभी राहील या धास्तीने बागायतदार मान डोलावतो आणि धडधाकट गिअरबॉक्स भंगारात जातो. हे थांबायलाच हवं.

गैरसमज : गिअर अडतो किंवा खरखरतो, म्हणजे गिअरबॉक्सच बदलायचा.

वस्तुस्थिती : दोष अनेकदा गिअरबॉक्सच्या बाहेर असतो आणि तो ओळखायला पाना लागत नाही. गाडी सपाटीवर उभी करा, हँडब्रेक ओढा आणि इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. ते सहज पडले, पण इंजिन चालू केल्यावर अडू लागले आणि रिव्हर्स करकरला, तर आधी क्लच तपासा. पॅडल पूर्ण दाबूनही प्लेट सुटत नसेल, तर इंजिन गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरवतच राहतं. मग मास्टर किंवा स्लेव्ह सिलिंडरची किट बदलून, लाइनमधली हवा काढून भागू शकतं. केबलचा क्लच असेल तर केबल तपासायची. यातल्या कशालाही गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही.

आवाजही नीट ऐका. न्यूट्रलमध्ये घरघर येते आणि क्लच दाबताच थांबते? मग गिअरबॉक्समधलं, बहुधा इनपुट शाफ्टचं, बेअरिंग. क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होतो? रिलीज बेअरिंग. एकच गिअर टाकताना खरखर होते? त्या गिअरची पितळी सिंक्रोनायझर रिंग झिजली असणार. चढावर इंजिन ओरडतं, पण गाडी वेग घेत नाही? क्लच प्लेट. गिअर आपोआप सुटत असेल तर आत हात घालण्याआधी इंजिन आणि गिअरबॉक्सची माउंटिंगची रबरं बघा. यांतल्या काही कामांसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागेल, हे खरं. पण उतरवणं वेगळं आणि बदलणं वेगळं!

शेवटची साक्ष तेलाची. ड्रेन प्लग काढून तेल पांढऱ्या कापडावर घ्या. जुन्या गाडीत पितळेची बारीक चमक दिसणारच. तेल दुधाळ असेल तर आत पाणी शिरलंय. लोखंडाचे तुकडे निघाले, म्हणजे दात तुटलेत. दात तुटलेत, शाफ्ट खराब झालाय किंवा केसिंगला तडा गेलाय, तेव्हा गिअरबॉक्स बदलण्याचा विचार योग्य.

गैरसमज : त्याच मॉडेलचा कुठलाही गिअरबॉक्स बसतो.

वस्तुस्थिती : बोलेरो कॅम्परसारखी गाडी टू-व्हील आणि फोर-व्हील अशा दोन्ही प्रकारांत आली. फोर-व्हीलमध्ये गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस जोडलेली असते, त्यामुळे आउटपुट शाफ्ट आणि मागचं हाउसिंग वेगळं असतं. पैसे देण्याआधी जुना आणि नवा शेजारी ठेवून स्प्लाइन, शाफ्टची लांबी आणि बोल्टची भोकं जुळवा.

बसवताना गिअरबॉक्सचा भार क्लच प्लेटवर लोंबकळू देऊ नका, त्याने प्लेटचा हब वाकतो. खाली जॅक हवाच. शेवटचं बोटभर अंतर राहिलं की काही जण बोल्ट आवळून गिअरबॉक्स ओढून घेतात. तिथेच बेल हाउसिंगचा कान तुटतो. प्लेट मध्यावर आली असेल तर गिअरबॉक्स हाताने सरकून बसतो. आणि एवढं उतरवलंच आहे तर क्लच प्लेट, रिलीज आणि पायलट बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सील तपासून घ्या. नाहीतर तीच मजुरी पुन्हा द्यावी लागेल.

थोडक्यात, आणखी काही :

*"१४० नंबरचं तेल टाका, आवाज जातो."* आवाज दबतो, झीज थांबत नाही. जाड तेलात सिंक्रोनायझरची पकड उशिरा बसते. गाडीच्या पुस्तकात जीएल-४ लिहिलं असेल तर डिफरन्शियलचं जीएल-५ ओतू नका. त्यातली गंधकयुक्त रसायनं पितळी रिंगला बाधू शकतात.

*"९० नंबर म्हणजे इंजिन ऑइलच्या दुप्पट जाड."* एसएईची मोजपट्टीच दोन्हींसाठी वेगळी आहे. ९० नंबरचं गिअर ऑइल साधारण ४० ते ५० नंबरच्या इंजिन ऑइलइतकंच जाड असतं.

*"आंबा घाटात फोर-व्हील टाकली की गाडी चांगली धरते."* चिखलात, ओल्या जांभ्यावर जरूर टाका. या जुन्या गाड्यांत पुढच्या-मागच्या प्रॉपेलर शाफ्टमध्ये डिफरन्शियल नसतं. कोरड्या डांबरावर वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू पाहतात आणि तो ताण ट्रान्सफर केसवर येतो.

*"मॅन्युअल गाडी न्यूट्रलला टाकून कितीही लांब टोचन करा."* इंजिन बंद असलं की अनेक गिअरबॉक्समध्ये तेल उडवणारा काउंटर शाफ्ट फिरत नाही. लांब न्यायची तर प्रॉपेलर शाफ्ट सोडवा.

*"गिअरबॉक्स बदलला की आरटीओत नोंद हवी."* आरसीवर चॅसिस आणि इंजिनचा नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ आरसीवरचा मूळ तपशील बदलणाऱ्या फेरफारांबद्दल आहे. तसाच गिअरबॉक्स बसवल्याने तो तपशील बदलत नाही.

कामाला होकार देण्याआधी मेकॅनिकला एवढंच विचारा: "इंजिन बंद असताना गिअर पडतात का?" स्वतः बसून ते बघितल्याशिवाय एकही बोल्ट सैल करू देऊ नका.