परदेशातील सत्र आणि घरची नोंद

महाविद्यालयात शिकणारे आपले लेकरू एके दिवशी घरी येऊन सांगते, "मला एक सत्र परदेशी विद्यापीठात शिकण्याची संधी आहे." हे ऐकताच बापाला खर्चाची आणि आईला लेकराच्या श्रद्धेची चिंता लागते. दोन्ही चिंता रास्त आहेत. परंतु त्यांच्याही आधी एक प्रश्न विचारावयास हवा: तेथे केलेला अभ्यास येथे जमेस धरला जाईल काय?

हा प्रश्न इटलीच्या सोफिया कोर्राडी यांच्या जिव्हारी लागला होता. रोम येथे कायद्याचा अभ्यास करीत असता १९५७ साली त्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेल्या व तेथील पदवी घेऊन परतल्या. परंतु रोमच्या विद्यापीठाने तो अभ्यास मानण्यास नकार दिला. दुसरे कोणी अपमान गिळून गप्प बसले असते. सोफियाबाईंनी मात्र इतरांच्या मुलांवर तो प्रसंग येऊ नये म्हणून वर्षानुवर्षे खटपट केली. अखेर १९८७ साली युरोपीय समुदायाने 'इरॅस्मस' योजना सुरू केली. पहिल्या वर्षी ११ देशांतील ३,२४४ विद्यार्थी तिच्यातून गेले. आजवर योजनेत भाग घेतलेल्या सर्व प्रकारच्या लोकांची संख्या कोटीच्या वर गेली आहे. २०२५ साली सोफियाबाई निवर्तल्या.

योजनेला लाभलेले नाव एका धर्मगुरूचे आहे. रॉटरडॅमचे इरॅस्मस पॅरिसमध्ये शिकले, केंब्रिजमध्ये त्यांनी शिकविले आणि १५३६ साली बाझल येथे देह ठेवला.

या योजनेत विद्यार्थी, त्याचे विद्यापीठ आणि यजमान विद्यापीठ असे तिघे प्रस्थानापूर्वीच एका करारपत्रावर सह्या करतात. तेथे कोणते विषय शिकावयाचे व येथे ते कोणत्या विषयांच्या जागी धरावयाचे, हे त्यात लिहिलेले असते. एका पूर्ण सत्राचे साधारणतः ३० श्रेयांक होतात. यजमान विद्यापीठ शिक्षणशुल्क घेत नाही. घरच्या विद्यापीठाचे शुल्क मात्र चालू राहू शकते. शिष्यवृत्ती मिळाली तरी राहण्याजेवण्याचा सारा खर्च तीत भागेलच असे नाही. करार करून युरोपबाहेरील विद्यापीठांनाही या योजनेत भाग घेता येतो, आणि त्यांत आपल्या देशातीलही आहेत.

म्हणून आईबापहो, योजना कोणतीही असो, दागिने गहाण ठेवण्यापूर्वी ते करारपत्र पाहावयास मागा. तोंडी आश्वासनावर विसंबू नका.

आता श्रद्धेविषयी. भाषा परकी असली तरी मिस्साबलिदान तेच आहे. जाताना आपल्या धर्मगुरूंचे परिचयपत्र लेकराबरोबर द्या आणि पहिल्याच रविवारी तेथील देवालयात जाण्यास सांगा. एकटेपणाच्या पहिल्या दिवसांत ओळखीचे चार चेहरे लाभणे ही मोठीच कृपा होय.

शेवटी एक गोष्ट. परतलेल्या लेकराचे शिक्षण मानण्याचे कर्तव्य विद्यापीठाचे तसेच घराचेही आहे. ते स्वतः रांधावयास शिकलेले असेल, परक्या माणसांचा आदर करावयास शिकलेले असेल. "फार शहाणा होऊन आलास!" असे म्हणून त्याला हिणवू नका. रात्रीच्या रोझरीनंतर त्याला जवळ बसवा आणि काय पाहिले, काय शिकलास, हे विचारा. सोफियाबाईंना परतल्यावर जो मान नाकारला गेला, तो आपल्या उंबरठ्याच्या आत तरी लेकराला मिळू द्या.